मामीनं सांगितलं ते भाचीला, की संशोधिकेला?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

सत्तावीस वर्षांची ही वाचक कळव्याला राहते आणि राज्यशास्त्रात पीएच.डी. करते. विषय आहे नवी मुंबईतल्या गावठाणांमधले महिला बचत गट आणि महापालिकेचं प्रभागातलं राजकारण. ठाणे-बेलापूर पट्ट्यातलं एक गाव तिचं आजोळ, आणि तिथल्या एका बचत गटाची अध्यक्ष तिची सख्खी मामी. चौदा महिन्यांत तिनं एकतीस बायकांच्या मुलाखती घेतल्या. पहिल्या भेटीत प्रत्येकीकडून संमतीपत्रावर सही घेतली. तिसऱ्या फेरीत एका दुपारी मामीच्या स्वयंपाकघरात सात जणी जमल्या आणि बोलता बोलता निवडणुकीच्या आदल्या रात्रीचा विषय निघाला. पाकिटं कुणी वाटली, कुणाकडून किती आली, दोन्ही बाजूंची कशी घेतली, सगळं. ओट्यावर ठेवलेल्या फोनवर रेकॉर्डिंग चालू होतं.

गाइड म्हणतात, हाच प्रबंधाचा गाभा आहे, नावं बदल आणि लिही. सगळी रेकॉर्डिंग विभागाच्या सामाईक ड्राइव्हवर टाकायलाही त्यांनी सांगितलं आहे. मामा एका पक्षाचं काम करतात. ते म्हणतात, "नावं नको सांगूस, कुठल्या घरात वारं कुठं आहे तेवढं सांग." ही मुलगी विचारते : लिहू का? मामांना नाही कसं म्हणू? हे सगळं कळूनही गप्प बसले तर तो गुन्हा होतो का? पत्राच्या शेवटी तिनं विचारलं आहे, पुन्हा परवानगी मागायला गेलेच तर मामीला साडी नेऊ का?

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

उत्तर

तुझ्या वयाच्या कितीतरी मुली वर्गात माझ्यासमोर बसल्या, म्हणून तुला 'तू'च म्हणते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. 'संमतीपत्रावर सही तर सगळ्यांचीच आहे.' पुढचे सगळे प्रश्न तू या वाक्यावर उभे केले आहेस. म्हणून आधी या सहीकडे बघू.

तू ज्या पट्ट्यात काम करते आहेस तिथं कागदावरच्या सहीला एक इतिहास आहे. १९७० मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झाली, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायची ठरली. तुझ्या आजोबांच्या पिढीनं नोटिसा, पंचनामे, भरपाईच्या पावत्या पाहिल्या आणि त्यांवर सह्या किंवा अंगठे दिले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच माणसं गेली, आणि पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. साडेबारा टक्क्यांची फाइल, गरजेपोटी बांधलेल्या घरांचे अर्ज, बचत गटाच्या कर्जाचे फॉर्म, या सगळ्यांवर त्या बायका सही करत आल्या आहेत. वाचून फारसा फरक पडत नाही हे अनुभवानं शिकल्या आहेत. तुझा कागद त्या ढिगातला आणखी एक. त्यावरची सही म्हणजे 'पोरीचं काम अडायला नको' एवढाच अर्थ असण्याची शक्यता मला फार मोठी वाटते.

आणि सही कशाला होती? 'बचत गट आणि महिलांचं नेतृत्व' या विषयावरच्या मुलाखतीला. पाकिटांच्या गोष्टीला नव्हती. मामी भाकऱ्या थापत होती, शेजारणी बसल्या होत्या, फोन ओट्यावर होता. तूच लिहिलं आहेस की एकीनं विषय काढताना जरा आवाज खाली घेतला, तेव्हा मामी म्हणाली, "आपलीच पोर हाय, बोला." मला तर या चार शब्दांत सगळं उत्तर दिसतं. मामीनं तुला खोलीत घेतलं ते भाची म्हणून. संशोधिका त्या वेळी तिच्या डोळ्यांसमोर नव्हतीच, आणि बाकीच्या सहा जणी मामीच्या शब्दावर मोकळ्या झाल्या. त्यांनी तुला फसवलं नाही, तूही त्यांना फसवलं नाहीस. पण जे बोललं गेलं त्यावर तुझ्या प्रबंधाचा हक्क अजून तयार झालेला नाही. तो मागावा लागेल.

आता गाइड म्हणतात तो उपाय, नावं बदलण्याचा. याबद्दल मला माझीच एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगताना आजही जड जातं.

नव्वदच्या दशकात मी वागळे इस्टेटच्या बाजूच्या एका वस्तीत पाण्याच्या नळजोडण्यांभोवती चालणारं राजकारण अभ्यासत होते. एका बाईनं मला सांगितलं की जोडणी मिळवून देण्याचे पैसे कोण घेतं आणि ते कसे वाटले जातात. मी लेख लिहिला. तिचं नाव बदललं, वस्तीचं नावही दिलं नाही. पण चित्र जिवंत व्हावं म्हणून लिहिलं : शिवणकाम करणारी, तीन मुलींची आई, साताऱ्याकडची. त्या गल्लीत अशी एकच बाई होती. ज्याच्याबद्दल ती बोलली होती त्याचा पुतण्या कॉलेजात शिकत होता, लेख त्याच्या हाती पडला. पुढे काय घडलं ते सगळं मला कधीच नीट कळलं नाही. एवढं कळलं की सहा महिन्यांनी मी गेले तेव्हा, ज्या बाईनं मला कधी चहाशिवाय परत पाठवलं नव्हतं, तिनं दार अर्धंच उघडलं आणि म्हणाली, "बाई, आता नको." मी नियमाप्रमाणे सगळं केलं होतं. नाव बदललं होतं.

नाव ही माणसाची ओळख परक्यासाठी असते. गावाला नाव लागत नाही. गावाला चाल पुरते, बोलण्याची लकब पुरते, 'गटाची अध्यक्ष आणि नवरा पक्षाचा कार्यकर्ता' एवढं तर भरपूर झालं. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरजवळच्या आपल्या अभ्यासाच्या गावाला 'रामपुरा' हे टोपणनाव दिलं होतं. ते गाव कोणतं हे पुढे अभ्यासकांना माहीत झालंच. आणि तुझ्या बाबतीत तर आणखी एक धागा उघडा आहे : प्रबंधाच्या पहिल्या पानावर तुझं आडनाव असेल, ऋणनिर्देशात तू प्रेमानं मामा-मामींचे आभार मानशील, आणि चौथ्या प्रकरणात 'सुनंदा' नावाची एक बचत गट अध्यक्ष बोलेल. तुझं आजोळ कुठलं हे ज्याला माहीत आहे त्याला सुनंदा कोण हे ओळखायला पाच मिनिटंही लागणार नाहीत. पूर्वी प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात धूळ खात पडायचे, तेच त्यांचं संरक्षण होतं. आता ते शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, जातात. घरबसल्या कुणीही फोनवर उघडू शकतो, मामांच्या पक्षातलाही आणि समोरच्या पक्षातलाही.

यात कायद्याचा जो भाग आहे, तो तुझ्या गाइडनाही बहुधा ठाऊक नसेल. निवडणुकीत पैसे वाटणारा दोषी असतो हे सगळेच जाणतात. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० नुसार मतासाठी पैसे घेणंही लाचखोरीतच मोडतं, आणि कलम १७३ मध्ये त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. म्हणजे तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये सात बायकांनी आपापल्या आवाजात कबुली दिलेली आहे. वकिलाला अशिलाचं बोलणं गुप्त ठेवण्याचं कायदेशीर संरक्षण असतं. संशोधकाला आपल्याकडे तसं काहीच नाही. तपासासाठी गरज आहे असं वाटलं तर कोर्टाला किंवा पोलिसांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली कागद किंवा फोन हजर करायला सांगता येतं. 'मी गोपनीयतेचा शब्द दिला होता' हे नैतिक उत्तर आहे, कायदेशीर ढाल नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. १९७२ मध्ये अमेरिकेत सॅम्युएल पॉपकिन नावाच्या राज्यशास्त्रज्ञानं ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) आपल्या स्रोतांची नावं सांगायला नकार दिला आणि त्यापायी त्याला आठवडाभर तुरुंगात राहावं लागलं. तिथल्याच बोस्टन कॉलेजनं २००१ पासून उत्तर आयर्लंडमधल्या जुन्या सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती 'तुम्ही जिवंत आहात तोवर उघड होणार नाहीत' अशा शब्दावर घेतल्या. २०११ मध्ये समन्स आलं, कोर्टात लढाई झाली आणि काही ध्वनिफिती पोलिसांना द्याव्याच लागल्या. शब्द देणाऱ्यांची नियत वाईट नव्हती. पाळता येईल त्यापेक्षा मोठा शब्द त्यांनी दिला होता. तुझ्या संमतीपत्रात 'माहिती पूर्णपणे गोपनीय राहील' असं छापलेलं असेल, तर ते 'पूर्णपणे' आधी खोड.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. तुझ्या दारात उद्या पोलीस येतील असं मला मुळीच वाटत नाही. धोका त्याहून जवळचा आणि रोजच्या जगण्यातला आहे. ज्या माणसानं पाकिटं पाठवली, त्याच्याच ओळखीनं उद्या कुणाचं घर नियमित करण्याचा कागद पुढे सरकणार आहे, कुणाच्या मुलाला कंत्राटावर काम लागणार आहे, बचत गटाला पोषण आहाराचं काम मिळणार आहे. त्याला समजलं की 'या सात जणी दोन्हीकडून घेतात', तर शिक्षा कायद्याच्या पुस्तकातून येणार नाही.

म्हणूनच तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथंच देते. नाही, गप्प बसणं हा तुझा गुन्हा होत नाही. घडलेल्या प्रत्येक गुन्ह्याची खबर देण्याचं बंधन कायदा सामान्य नागरिकावर घालत नाही. ते काही ठरावीक गंभीर गुन्ह्यांपुरतं आहे. तुझी टोचणी मला समजते. लोकशाहीचा अभ्यास करणाऱ्या मुलीनं लोकशाहीला पोखरणारी गोष्ट ऐकून वही मिटून ठेवायची? पण तू तक्रार केलीस तर अडकेल कोण याचा विचार कर. ज्यांचा आवाज फोनमध्ये आहे त्या. पाकिटं भरणाऱ्याचा आवाज तुझ्याकडे नाहीच. उद्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं कानावर आलं तर गोष्ट वेगळी, तिथं गोपनीयता मागे पडते. आणि ही मर्यादा मुलाखत सुरू होण्याआधीच समोरच्याला सांगून ठेवायची असते.

मामांच्या बाबतीत मी जास्त शब्द खर्च करणार नाही, कारण तिथं तोलायला फारसं काही नाही. द्यायचं नाही. नावाशिवायही नाही, 'वारं कुठं आहे' एवढंही नाही, जेवताना सहज म्हणूनही नाही. गावात 'मारुतीच्या देवळामागची आळी' म्हणालीस की बारा घरं डोळ्यांपुढे येतात. २०१८ मध्ये केंब्रिज अॅनालिटिकाचं प्रकरण जगभर गाजलं, त्याची सुरुवात अशीच होती : संशोधनाच्या नावाखाली फेसबुकवरच्या लोकांची माहिती एका प्राध्यापकानं गोळा केली आणि ती प्रचाराचं काम करणाऱ्या कंपनीच्या हाती गेली. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे. पण ती तेव्हाच, जेव्हा त्या माहितीवरून एखाद्या विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घेतला जात नाही. मामांना नेमका तोच निर्णय घ्यायचा आहे : कुणाकडे पुन्हा जायचं आणि कुणावर वेळ घालवायचा नाही.

नाही म्हणताना भांडू नकोस, कायदाही सांगू नकोस. शांतपणे एवढंच म्हण : "मामा, उद्या समोरच्या पक्षाचा माणूस माझ्याकडे आला आणि आपल्या घरात काय बोललं जातं ते विचारलं, तर मी सांगावं असं तुम्हाला वाटेल का? मग मलाही कुणाला सांगता येत नाही." राजकारण करणाऱ्या माणसाला हे लगेच समजतं. आणि ते पुन्हा विचारतील, तेव्हा हेच वाक्य पुन्हा म्हण, नवं कारण शोधू नकोस.

गाइडबद्दल तुझ्या पत्रात राग जाणवला. मला ते खलनायक वाटत नाहीत. त्यांनी चांगली सामग्री ओळखली आणि ती वाया जाऊ नये असं त्यांना वाटतं. ड्राइव्हची मागणी मात्र मला मान्य नाही. सामाईक ड्राइव्हवर गेलेलं रेकॉर्डिंग पुढे कोण ऐकेल यावर तुझाही ताबा उरत नाही आणि त्यांचाही नाही. पण त्याची दुसरी बाजूही खरी आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत मायकल लाकूर या विद्यार्थ्याचा एक अभ्यास फार नावाजला गेला. मतदाराशी दारात उभं राहून मनमोकळं बोललं तर समलिंगी विवाहाबद्दलचं त्याचं मत टिकाऊपणे बदलतं, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढच्याच वर्षी इतर संशोधकांनी तो पडताळायला घेतला तेव्हा मूळ विदा (डेटा) दाखवताच आली नाही आणि लेख मागे घ्यावा लागला. 'गोपनीय आहे' या पडद्याआड खोटंही राहू शकतं. त्यामुळे गाइडना मूळ काहीच दाखवणार नाही असं म्हणू नकोस. त्यांना सांग : लिखित रूपांतर करते, नावं आणि ओळखीच्या खुणा काढते, ती प्रत तुम्ही माझ्यासमोर बसून वाचा, शंका असेल तिथं मूळ ऐकवते, पण फाइल कुणाच्या ड्राइव्हवर जाणार नाही. बहुतेक गाइड याला तयार होतात. हे बोलणं झाल्यावर एक साधा ईमेल पाठव, म्हणजे ठरलेलं कागदावर राहील.

आपल्याकडे वैद्यकीय संशोधनाला आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं आहेत, नैतिकता समित्या आहेत. राज्यशास्त्राच्या कितीतरी विभागांत असं विचारायला दारच नसतं. पीएच.डी.च्या अभ्यासक्रमात संशोधन नैतिकतेचा दोन श्रेयांकांचा विषय सक्तीचा झाला हे चांगलं झालं, पण तिथं बराच वेळ वाङ्मयचौर्यावर जातो. दुसऱ्याचं वाक्य चोरू नये हे शिकवतात. दुसऱ्याच्या घरातलं बोलणं उचलण्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुझ्या विभागात समिती नसेल तर विभागप्रमुखांना लेखी विनंती कर की दोन बाहेरचे वाचक द्या, एक समाजशास्त्रातला आणि जमलं तर एक कायद्याचा. नाही मिळाले तरी विनंती केल्याची नोंद राहते.

आता मला ज्यात खरा रस आहे तिकडे येते. पैसे घेतले म्हणजे मत विकलं, हे तू गृहीत धरलं आहेस. तुझ्या पत्रात तीनदा 'मतं विकतात' असं आलं आहे. पण तुझ्याच बायका म्हणतात की दोन्ही बाजूंची पाकिटं घेतली. मत एकच होतं, आणि मतदान गुप्त आहे. मग विकलं काय? पैसे घेणं ही त्यांना लाच वाटते, सणाची भेट वाटते, की पाच वर्षांत एकदाच दारात येणाऱ्या माणसाकडून वसूल केलेला हिस्सा वाटतो? नाकारलं तर 'ही समोरच्या पार्टीची' असा शिक्का बसतो, म्हणून घेतात का? पाकीट नवऱ्याच्या हातात जातं की बाईच्या? गटाच्या अध्यक्षेला वाटपाची यादी करायला लावतात तेव्हा तिची मान उंचावते की ती कोंडीत सापडते? तुझा विषय बचत गटातलं नेतृत्व आहे ना, मग हे प्रश्न जास्त मोलाचे आहेत. आणि गंमत बघ, यातल्या एकाही प्रश्नाला 'अमुक बाईनं अमुक पक्षाकडून इतके घेतले' हे लिहावं लागत नाही. कोण, किती, कुठला पक्ष, हे तपशील ऐकताना थरारक वाटतात. तुझ्या युक्तिवादाला त्यांची गरज नाही.

पैसे किती जणांपर्यंत पोचतात हेच मोजायचं असेल, तर कबुली न घेता मोजण्याच्या पद्धती आहेत. एक जुनी, १९६५ मध्ये स्टॅन्ली वॉर्नर यांनी मांडलेल्या कल्पनेतून निघालेली. बाईच्या हातात नाणं द्यायचं, तिनं तुला न दाखवता उडवायचं. छाप आला तर काहीही असो 'हो' म्हणायचं, काटा आला तर खरं सांगायचं. तिच्या 'हो'चा अर्थ तुलाही कळत नाही, पोलिसालाही नाही, मामांनाही नाही. पण दोनशे जणींना विचारलं आणि एकशे तीस 'हो' आले, तर त्यातले साधारण शंभर नाण्याचे, उरलेले तीस खरे. काटा पडलेल्या शंभरातले तीस, म्हणजे तीस टक्के. दुसरी पद्धत यादीची. चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एका गटाला चार निरुपद्रवी गोष्टींची यादी : प्रचारफेरी पाहिली, उमेदवार घरी आला, सभेला गेले, पत्रक मिळालं. दुसऱ्याला तीच यादी आणि पाचवी ओळ, 'पैसे किंवा वस्तू मिळाली'. यातल्या किती गोष्टी घडल्या तो फक्त आकडा सांगायचा, कुठल्या ते नाही. दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे उत्तर. निकाराग्वात २००८ च्या स्थानिक निवडणुकांनंतर असं विचारलं, तर थेट प्रश्नाला फक्त दोन टक्के लोक हो म्हणाले होते, यादीतून मात्र चोवीस टक्के निघाले. आपल्याकडे दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या 'लोकनीती' उपक्रमाच्या मतदानोत्तर सर्वेक्षणांत लोकांना नमुना मतपत्रिका देऊन ती पेटीत टाकायला सांगतात, त्यामागेही हाच विचार आहे : माणसाचं तोंड उघडायला लावण्यापेक्षा त्याला आडोसा द्यावा.

या पद्धतींना शेकडो उत्तरं लागतात, तुझ्या एकतीस मुलाखतींत त्या बसणार नाहीत. पण पाच-सहा गावांत आणि एखाद्या सिडकोच्या वसाहतीत चार मैत्रिणींच्या मदतीनं एक छोटं सर्वेक्षण जमण्यासारखं आहे, आणि त्यामुळे चौथं प्रकरण एकट्या मामीच्या स्वयंपाकघरावर उभं राहणार नाही.

मामीकडे मात्र जावंच लागेल. आणि मामीकडेच नाही, सातही जणींकडे, एकेकटीकडे. सातजणी एकत्र असताना विचारलंस तर पहिली जे म्हणेल तेच बाकीच्या म्हणतील, आणि ती पहिली मामी असेल. म्हणून तिला शेवटी विचार. प्रत्येकीला तिच्या बोलण्याचा भाग ऐकव. साध्या शब्दांत सांग की हे इंटरनेटवर कुणालाही वाचता येईल अशा पुस्तकात जाणार आहे, मी ओळख लपवीन पण गावातला माणूस कदाचित ओळखेल, आणि कोर्टानं मागितलं तर मला अडवता येणार नाही. मग तीन वाटा पुढे ठेव : पूर्ण पुसून टाकू, शब्द न वापरता फक्त आशय घेऊ, की शब्दही घेऊ. लगेच उत्तर मागू नकोस, पंधरा दिवस दे. आणि जी गप्प राहील, हसून विषय बदलेल किंवा 'तुला हवं ते लिही' म्हणेल, तिचं उत्तर 'नाही' असं धर. तुला नाही म्हणणं त्यांना फार अवघड आहे, कारण तू भाची आहेस. ते सोपं करून देणं तुझ्याकडे आहे.

एकीनं नाही म्हटलं तर तिचा आवाज काढ, लिखित रूपांतरातूनही काढ, आणि ती म्हणाली त्यावर दुसरीनं दिलेलं उत्तरही काढ. मामी नाही म्हणाली तर त्या दुपारचा प्रसंग प्रबंधात येणार नाही. होय, वाईट वाटेल. चौदा महिन्यांनी असं काही सोडून देणं सोपं नाही, मला माहीत आहे. पण तुला जे कळलं ते कळलंच आहे. त्यातून पुढचे प्रश्न कसे विचारायचे ते तू शिकलीस, ते कुणी परत मागणार नाही.

ज्यांनी हो म्हटलं त्यांचंही लिहिताना काळजी घे. युक्तिवादाला लागत नाही तो तपशील बदल किंवा गाळ : मुलं किती, नवरा काय करतो, माहेर कुठलं. युक्तिवादाला लागतो तो बदलू नकोस. काय बदललं याची नोंद कुलपात ठेव आणि प्रस्तावनेत स्पष्ट लिही की असे बदल केले आहेत. तुझ्या या पत्रातलेही चार तपशील मी बदलले, कोणते ते फक्त तुला कळेल, आणि तुझा पेच त्यानं जराही बदलला नाही. गावाचं नाव देऊ नकोस, 'ठाणे-बेलापूर पट्ट्यातली गावठाणं' एवढं पुरे. रेकॉर्डिंग फोनमधून काढून पासवर्ड लावलेल्या डिस्कवर ठेव. कुठला क्रमांक म्हणजे कुठली बाई, ती यादी वेगळ्या जागी, कागदावर. एकच प्रत ठेवू नकोस, आणि सगळ्या प्रती एकाच जागीही नकोत. १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डमधल्या एका संशोधन केंद्राला आग लावली गेली तेव्हा श्रीनिवास यांच्या अठरा वर्षं खपून तयार केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती त्याच इमारतीत होत्या.

तुझ्यासारखी पत्रं मला आणखी दोघांकडून आली आहेत, एकजण डोंबिवलीच्या गृहसंकुलांतल्या मतदारांवर काम करतो, एकजण माथाडी कामगारांच्या संघटनेवर. दोघंही आपल्याच माणसांत काम करत आहेत. त्यांनाही हेच सांगेन की पहिल्याच दिवशी एक खूण ठरवून घ्या. फोन टेबलावर पालथा असेल तर मी तुमचा, सुलटा असेल तर मी अभ्यासाला आलोय. लोकांना ही खूण पटकन कळते, आणि पुढे कुणी "हे राहू दे रे" म्हणालं तर फोन पालथा करायला एक क्षण लागतो.

राहिला साडीचा प्रश्न. नेऊ नकोस. साडी घेऊन परवानगी मागायला गेलीस तर मामी नाही म्हणू शकणार नाही, आणि ते बरंच आदल्या रात्रीच्या पाकिटासारखं होईल. चौदा महिने तिनं तुला जेवू घातलं, तुझ्यासाठी शेजारणी गोळा केल्या, त्याचं काहीतरी करावंसं वाटणं साहजिक आहे. गटाच्या कर्जाच्या नोंदी अजून वहीत हातानं करतात असं तू लिहिलं आहेस. तिची इच्छा असेल तर एक रविवार बसून त्यांना मोबाइलवर हिशेब लावून दे, तिचं उत्तर आल्यावर, ते काहीही असो. साडी गणपतीला घेऊन जा, भाची म्हणून.